ऑर्गनवाल्याचा गुडघा

फिजिओथेरपी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती! जायचं, पाय पुढे करायचा, कुणीतरी तो चोळून देणार, की कॉफी पिऊन घरी! "किरकोळ काम आहे," मी बायकोला, म्हणजे वीवीला, ऐटीत सांगितलं.

"मग सकाळपासून सारखे मोजे का बदलतोयस?" वीवी म्हणाली.

खरं सांगतो, ती तिसरी जोडी होती. मी स्वीडनमधल्या हेर्नोसांड गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. ऑर्गनला हातांइतकेच पायही लागतात, आणि माझा उजवा गुडघा उन्हाळ्यापासून संपावर गेला होता. पायांनी खालचे सूर दाबताना डोळ्यांतून पाणी यायचं. त्यात नाताळाच्या आधीचा, अॅडव्हेंटचा पहिला रविवार तोंडावर आलेला. त्या दिवशी आमचं चर्च गच्च भरतं! आणि आमच्या पाद्रीणबाई सोल्वेग गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "यालमार, झेपत नसेल तर सांग हं. संगीतशाळेतली ती मुलगी तयारच आहे."

तयारच आहे! इतकी वर्षं ज्या बाकावर बसलो, तो बाक आता जाणार की काय? या धास्तीनेच मी दवाखाना गाठला.

"पँट काढून टेबलावर बसा, तूवा येतेच," असं म्हणून कुणीतरी माझ्याभोवती पडदा ओढला. सैल अर्धी चड्डी आणा, असं फोनवर बजावलं होतं. ती घरीच राहिली! मी आपला लोकरीच्या लांब चड्डीत, सोललेल्या बटाट्यासारखा बसलो. तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आले.

"हे आता वाचत नाही गं."

"अरे देवा! खालून सगळं सडलंय!"

"इथून सरळ कापून टाकू. नाहीतर बाजूच्यालाही लागण होईल."

"आत्ताच?"

"मग कधी? कात्री घे. मोठी!"

मोठी कात्री! कुणाचं कापताहेत? ओरडत कसं नाही कुणी? म्हणजे टेबलावर अजून कुणी आलेलंच नाही! म्हणजे... डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचं आधीच कळवलेलं दिसतंय!

पडदा सरकला. हसतमुख, तरतरीत मुलगी. "मी तूवा. कोणता गुडघा?"

"डावा!" मी किंचाळलो.

डावा माझा सोन्यासारखा. कात्री घेऊन आले तरी त्याच्यात त्यांना काय सापडणार?

तूवाने चड्डीचा पाय वर सरकवला आणि दाबून बघितलं. "इथे दुखतं?"

"थोडं."

"आणि इथे?"

"तिथेही. पण कापण्याइतकं नाही!"

तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग पाय वाकवला, ताणला, मला एका पायावर उभं केलं, अर्धवट बसवलं. मी इमानाने कण्हत होतो. "ताकद तर मस्त आहे," ती म्हणाली. "नेमकं कुठे दुखतं, बोट ठेवून दाखवा बरं."

घ्या! मघाशी दुखणं कुठे ठेवलं होतं, तेच आठवेना! मी अंदाजाने नडगीवर बोट ठेवलं.

"मघाशी वर होतं."

"फिरतं दुखणं आहे," मी म्हणालो.

"असं? मग आता जरा चालून दाखवा."

मेलो! लंगडायला हवं होतं डाव्याने, आणि उजवा तर आपला आपणच लंगडत होता. दोन्हीकडून लंगडत मी बर्फावरच्या बदकासारखा निघालो. वळताना तोल गेला, पडदा धरला, आणि दांडीसकट अख्खा पडदा माझ्या डोक्यावर!

त्यातून डोकं बाहेर काढलं, तर खिडकीपाशी दुसरी एक मुलगी मोठी कात्री घेऊन उभी. तिच्यापुढे कुंडीतलं सडकं पामचं झाड! आणि पलीकडे, खांद्याला रबरी पट्टा ताणत, आमच्या पाद्रीणबाई!

"यालमार!" सोल्वेग म्हणाल्या. "अरे, तुझा तर उजवा गुडघा ना?"

जमिनीने मला गिळलं असतं तर मी तिचे आभार मानले असते. नाइलाजाने झाडाची सगळी हकीकत सांगितली. कात्रीवाली तर कुंडीला धरून हसत बसली.

तूवा मात्र शांत. "तुम्ही दारातून उजव्या पायाने लंगडत आलात, तेव्हाच लांबून दिसलं होतं. पण चांगला पाय मी नेहमी आधी बघते, तुलनेसाठी. आता खरा द्या."

मी डोळे घट्ट मिटून उजवा पुढे केला. ती बराच वेळ चाचपत होती. आता ही म्हणणार ऑपरेशन. आता म्हणणार ऑर्गन बंद. आता...

"सांधा ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही त्याला इतकं जपलंत की मांडीचे स्नायू आळशी झालेत. हात न टेकता बाकावरून उठायचं, हळू बसायचं. बसून आखडलात की लगेच. आधी थोडं दुखेल, घाबरायचं नाही."

"आणि अॅडव्हेंट?" मी एक डोळा उघडला.

"रोज केलंत तर वाजवाल."

केलं! स्वयंपाकघरात केलं, बसथांब्यावर केलं. वीवी म्हणायची, "एकदाचा कुठेतरी टेक रे बाबा!"

तो रविवार आला. वेदीशेजारच्या छोट्या ऑर्गनवर मी, आणि समोर खचाखच भरलेलं चर्च. पहिलं गीत निभावलं. मग सोल्वेगबाईंचं प्रवचन सुरू झालं. ते संपेचना! इकडे गुडघा आखडत चाललेला, आणि पुढच्या गीतात पायांची नुसती धावपळ! शेवटी मी अगदी हळूच उठलो.

पहिल्या रांगेला वाटलं, प्रवचन संपलं, आता उभं राहून गायचं. रांग उठली. तिच्या मागची उठली. अख्खं चर्च उठलं! मी घाबरून बसलो. सगळे बसले. पण गुडघा अजून मोकळा व्हायचा होता हो! मी पुन्हा उठलो. चर्च पुन्हा उठलं!

सोल्वेगबाई थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हातातले उरलेले कागद मिटले. "उभेच आहात, तर गाऊनच टाका."

मी वाजवलं. आणि पाय धावले! एकही सूर चुकला नाही.

नंतर चर्चच्या कॉफीला म्हातारी मंडळी माझा हात हातात घ्यायला रांगेत उभी. माझा ऊर भरून आला. सगळ्यात पुढच्या आजीबाई कानाशी वाकून कुजबुजल्या, "छान झालं हो, यालमार! पुढच्या रविवारी आणखी जरा लवकर उठशील का?"