सोपाननानांचा वापसा

सोपाननानांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. त्यांचे किस्से चारचौघांत पुष्कळ सांगितले, लोक पोट धरून हसले, पण एक गोष्ट दर वेळी गाळली. आता नाना नाहीत, आणि गेल्या थंडीत त्यांच्या पत्नी कमलवहिनीही गेल्या. आता बोललो तर कुणाला लागायचं नाही. लागलं तर मलाच.

श्रीरामपुरात नानांची आणि माझी भिंत एकच. त्यांचा जन्म साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेला. ऊस कधी लावा, पाणी कधी तोडा, हे शेतकऱ्यांना सांगता सांगता त्यांना प्रत्येक गोष्टीचा हंगाम बघायची खोड लागली. पाऊस झाल्यावर जमीन चिखलही नसते आणि टणकही नसते, औत घातलं की मऊ फुटते, त्या वेळेला वापसा म्हणतात. नानांच्या मते वापसा फक्त जमिनीला नसतो. छत्री माघात घ्यावी, चप्पल भर उन्हाळ्यात संध्याकाळी घ्यावी, कारण तेव्हा पाय फुगलेला असतो. दाढ कारखान्याचा पट्टा पडून गाळप थांबल्याशिवाय काढू नये. का, ते विचारलं तर म्हणायचे, "धा जनांच्या गडबडीत दाढ नीट निघत न्हाई."

एका वैशाखात माझ्या कडुलिंबाचा पाला त्यांच्या पाण्याच्या टाकीत पडला. नानांनी टाकी उपसून घेतली. पुढे मार्गशीर्षात एका सकाळी मफलर गुंडाळून दारात उभे.

"कंट्रोलर, भांडायला आलोय."

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून सगळे मला कंट्रोलर म्हणत. म्हटलं, "कशाबद्दल, नाना?"

"वैशाखातल्या पाल्याबद्दल. भांडन थंडीत करावं. उन्हाळ्यात डोकं आधीच तापल्यालं असतंय, शब्द करपतो." मग ते रीतसर भांडले, चहा प्याले आणि गेले.

कमलवहिनींना साखरेचा आजार, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर खाली येईना, म्हणून ऑपरेशन होईना. माणसाची नुसती सावली दिसायची. तरी चूल सोडायला तयार नव्हत्या, डब्यांवर हात फिरवून स्वयंपाक करायच्या. एका पहाटे नानांनी चहाला काडी ओढली आणि भडका उडाला. उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. गॅसचं बटन आपल्याच हातून उघडं राहिलं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वहिनींना तर एवढंच, की भुवया जरा करपल्या. गालाला हात लावू द्यायचे नाहीत. "दाढी राखलीय, टोचंल," म्हणायचे. दाढी होती डाव्या गालावर. उजवीकडे सगळा वणच होता, तिथं केस येईनात.

पुढच्या दिवाळीआधी नाना मला म्हणाले, "नगरला येता का? लेझरनं कातडी सपाट करनारी डॉक्टरीण हाय म्हनं."

मला हसू आलं. पासष्टीचा माणूस, उभ्या जन्मात पावडर लावली नाही. पण गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. गाल तपासून म्हणाल्या, "पूर्ण जाणार नाही, पण बराच सपाट होईल. तीन वेळा यावं लागेल, महिन्या-महिन्यानं. आणि हे थंडीतच करायचं. वरची कातडी नवी येते, तिला ऊन लागलं की काळी पडते."

नानांचा चेहरा उजळला. "बाई, म्हंजे वापसा बघून?"

बाईंना वापसा माहीत नव्हता. नानांनी तिथंच टेबलावर बोटानं सऱ्या ओढून समजावला. बाहेरच्या बाकावर पेशंट ताटकळले. परतताना एसटीत म्हणाले, "शिकल्याली हाय. आजवर एका तरी डॉक्टरनं मला हंगाम सांगितला हुता का?"

दिवाळी झाली आणि नानांचा थाट सुरू झाला. कोरड्या थंडीत काळी छत्री, डोक्यावर टोपी, गालाला पांढरं मलम, वर उपरणं. उसाच्या ट्रॉल्यांमधून ते असे चालायचे की ड्रायव्हर गाडी हळू करून बघायचे. कुणी विचारलं, "नाना, पाऊस येतोय का?" तर उत्तर ठरलेलं, "पाऊस न्हाई. पेरनी झालीय, राखन चाललीय."

दोन खेपा झाल्या. मग मी शिवाच्या सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. शिवानं विचारलं, "कंट्रोलर, नानांचं काय चाललंय ओ? तोंड रंगवत्यात?"

तोंडाला फेस होता, समोर आरसा होता, बाकावर पाच-सहा जण ऐकायला होते. मी म्हणालो, "लगीन काढलंय. वहिनींना दिसत न्हाई, तोवर उरकून घेत्यात."

सलून हसलं. मी जन्मभर माईकवरून गाड्या पुकारल्या, पण माझी एकही गाडी इतक्या वेळेवर सुटली नसेल. संध्याकाळपर्यंत गोष्ट स्टँडवर पोचली. आठवड्यात नानांच्या फाटकाला कुणीतरी मुंडावळ्या बांधल्या. नानांनी त्या सोडल्या आणि खिशात घातल्या. वहिनींच्या कानावर गेलंच. त्या म्हणाल्या, "आना की दुसरी. भाकरी थापायला हात हुईल. फकस्त तिला म्हनावं, मीठ मला इचारून टाक."

वहिनी हसल्या, पण नाना घराबाहेर पडेनासे झाले. छत्री कोपऱ्यात गेली, तिसरी खेप राहिली. मला म्हणाले, "पोरं लई वांड झाल्यात." मी मान हलवली. पोरांवर ढकललं.

होळी झाली आणि वहिनींची साखर एकदाची आटोक्यात आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाडव्यानंतरची तारीख दिली. आमच्याकडे मोतीबिंदू थंडीतच काढायची पद्धत. नाना तर हंगामाचे पुजारी, ते नक्की पुढं ढकलतील असं मला वाटलं. त्याऐवजी ते सकाळीच दारात आले. "कंट्रोलर, चला नगरला."

डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, ऊन वाढलंय, दिवाळीनंतर या. नानांनी हात जोडले. शेवटी बाईंनी लेझर हलकंसं केलं आणि बजावलं, उन्हात पाऊल टाकायचं नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "नाना, तुम्ही आणि अवकाळी?"

ते खिडकीचा पडदा धरून बसले होते. म्हणाले, "ते बटन माझ्या हातून न्हाई ऱ्हायलं. तिच्या ऱ्हायलं. तिला ठावं न्हाई. डोळं उघडल्यावर पहिलं माझंच तोंड बघनार ती. मग सगळा हिशेब लागंल तिला. जलमभर सोताला खात बसंल."

"मग डोळे दिवाळीनंतर करू या की."

"दोन वरसं अंधारात हाय ती," नाना म्हणाले. "तिला आनिक एक हिवाळा थांब म्हनू?"

सलूनमधलं सांगायचं तर तेव्हाच. वैजापूरची गाडी होती, भरलेली होती, असं मी मनाला सांगितलं.

ऑपरेशनच्या आधी तपासण्या, नंतर तपासण्या, सगळ्या दुपारच्या. नाना वहिनींना हाताला धरून न्यायचे. छत्री एकच, ती वहिनींच्या डोक्यावर. गाल काळा पडला. थंडीत तिसरी खेप झाली असती, तर तो पडला नसता.

पट्टी निघाल्यावर मी द्राक्षं घेऊन गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. वहिनी नानांच्या समोर बसल्या होत्या आणि त्यांना न्याहाळत होत्या.

"ह्यो डाग कशाचा ओ?"

मी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "उन्हाचा. डॉक्टरनं सांगितलं हुतं, उन्हात फिरू नगं. कंट्रोलरला इचार."

"उन्हाचाच," मी म्हणालो.

वहिनींनी गालावर बोटं फिरवली. या वेळी नाना मागं सरले नाहीत. "तरी तुमी म्हनत हुता, दाढी टोचंल," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. काडी ओढण्याआधी, बटन नानांनी उघडं तर ठेवलं नाही ना, ते त्यांनी वाकून दोनदा बघितलं. त्यांच्यासमोर मी काय बोलणार होतो?

पण नाना नंतर एकटेही कितीदा भेटले. शेवटी एका मार्गशीर्षात मफलर गुंडाळून दारात आले. "कंट्रोलर, भांडायला आलोय."

मला वाटलं, आता सलूनचं निघणार, आणि बरंही वाटलं. पण ते पाल्याबद्दलच भांडले. चहा प्याले. निघताना उंबऱ्यावर थांबले.

"तुमचं काय ऱ्हायलंय का? थंडी हाय तोवर बोलून घ्या."

"न्हाई नाना," मी म्हणालो. "काय न्हाई."

नाना मफलर सारखा करून गेले.

एवढंच म्हणायचं होतं : नाना, सलूनमध्ये ते मी बोललो होतो. चुकलो.