बांगड्या शाबूत

लग्नघरात नवरीच्या आईचा हात मोडला, आणि तोही बांगड्या भरताना. माणसं जिन्यावरून गडगडतात, मोरीत घसरतात, कुणाला बैल ढुशी देतो, हे समजण्यासारखं आहे. पण पाटावर मांडी घालून बसलेल्या बाईचा हात कासारानं हातात घ्यावा आणि तो मोडावा, हे सोलापूरच्या गिरणीच्या चाळीत कुणी ऐकलं नव्हतं.

मैनाचं लग्न तोंडावर आलं होतं. वैराग गावचं स्थळ होतं, घरची शेती, मुलगा शाळेत मास्तर. चाळीतल्या साऱ्या बाया मैनाच्या आईच्या, मथुराबाईच्या खोलीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. तिप्पण्णा कासार सगळ्यात लहान मापाची बांगडी निवडून म्हणाला, "अक्का, हात सैल सोडा."

"जरा मोठी घाला की वो. दुकतंय."

"ढिली बांगडी म्हंजे कासाराची लाज, अक्का. तिकडं दाराकडं बगा."

मथुराबाईनं दाराकडं बघितलं. तिप्पण्णानं हात दाबला, पिळला आणि हिसका दिला. कट्‌ असा आवाज आला.

सगळ्या बायांची नजर बांगड्यांवर गेली. लग्नघरात बांगडी फुटणं म्हणजे केवढा अपशकुन! शेजारची बजाबाई पुढं झाली आणि तिनं एकेक बांगडी चाचपून बघितली.

"समद्या शाबूत हायत गं बाई! देव पावला!"

"बांगड्या शाबूत हायत," मथुराबाई कळवळून म्हणाली, "हात न्हाय!"

दवाखान्यात नर्सनं त्या शाबूत बांगड्या एकेक करून फोडल्या, तेव्हा मथुराबाईचा नवरा मानसिंग भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. हा माणूस स्वभावानं इतका गरीब, की झुरळ दिसलं तर आधी त्याला जायला वाट करून द्यायचा. डॉक्टरांनी हाताचा फोटो उजेडाकडं धरून बघितला आणि सरळ विचारलं, "पाळी कधी बंद झाली तुमची?"

मानसिंग एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"चार-पाच वर्सं झाली," मथुराबाई पदरात पुटपुटली.

"तेच. बाईच्या अंगात एक रस असतो, इस्ट्रोजन म्हणतात त्याला. तो हाडं राखतो. पाळी गेली की तो आटतो आणि हाडातला चुना हळूहळू निघून जातो. ज्वारीचं वाळलेलं ताट कसं वरून ताठ दिसतं आणि आत भुसा असतो, तसं होतं. तरण्या बायांना ही भीती नसते. उंचीही कमी झाली असेल तुमची."

मथुराबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डब्यांच्या फळीला हात पुरेना म्हणून दोन वर्षं ती सुताराला शिव्या घालत होती. फळी होती तिथंच होती, खाली आली होती ती स्वतः. तिला एकदम रडू आलं. सारा जन्म भाकऱ्या थापल्या, पाणी वाहिलं, आणि आतून कुणी पोखरून नेलं याचा पत्तासुद्धा लागला नाही.

"दूध घ्या, नाचणी खा, चालत राहा. आणि पडू नका," डॉक्टर म्हणाले.

"मी पडले कुटं? बसले हुते की!"

बाहेर येताच मानसिंग दबक्या आवाजात म्हणाला, "ह्यातलं अक्षर कुनाफुडं काडायचं न्हाय."

"मग काय सांगायचं?"

"कायबी सांग. पर त्ये न्हाय."

आता बजाबाईचं माहेर वैराग. ती माहेरी गेली आणि तिनं बांगड्या भरताना हात कसा मोडला ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. वैरागात वेशीपासून बाजारापर्यंत जाईतो त्याचं झालं, सोलापूरच्या पोरीच्या घराण्यात हाडं कच्ची, नुसता हात लावला तरी मोडतात. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं व्याही हिंदुराव आणि विहीण रंभाबाई दारात हजर झाले.

हिंदुराव बाहेरच्या खोलीत बसले. मिशा, फेटा, खणखणीत आवाज. रंभाबाई आत आल्या. पडद्यामागं दोघी विहिणी चुलीपाशी बसून कान देऊ लागल्या. हे लग्न मोडलं तर 'कच्च्या हाडाची' म्हणून मैनाला पुन्हा स्थळ यायचं नाही, हे मथुराबाईला पक्कं ठाऊक होतं.

"मानसिंगराव," हिंदुराव म्हणाले, "सरळ इच्यारतो. बाईंची हाडं ठिसूळ हायत म्हनं. पोरगी त्यांच्याच पोटची. उद्या आमच्या घरात घागर उचलली आन्‌ हात हातात आला, तर आमी काय करायचं?"

"न्हाय वो पाव्हणं, ती पडली."

"बसल्या जागी?"

"म्हंजे... चक्कर आली तिला."

"फिट येती का?"

"न्हाय न्हाय! फिट कुटली!" मानसिंगचा आवाज चिरकला.

"मग चक्कर कशानं?"

पडद्यामागं मथुराबाईनं कपाळावर हात मारला, आणि नेमका प्लॅस्टरचाच मारला. वय झालं, बाईपण सरलं, एवढं सांगितलं की मिटलं. पोरीवर कसला डाग राहत नाही. पण ते शब्द या खोलीत कोण काढणार? बाहेर नवऱ्याच्या जिभेला कुलूप, आणि आत तिच्या.

शेवटी मानसिंग म्हणाला, "पाव्हणं, खरं सांगतो. आदल्या राती मी... तिच्या हातावर दोन लाकडं हानली हुती. तवाच तडा गेला आसंल. कासाराचं निस्तं निमित्त."

मथुराबाईला वाटलं, आता जमीन दुभंगावी. सव्वीस वर्षांत या माणसानं तिच्यावर साधा आवाजही चढवला नव्हता. मोडलं लग्न! मारकुट्याच्या घरची पोरगी कोण करणार?

बाहेर हिंदुराव मोकळेपणानं हसले. "आवो, मग आदी सांगायचं की! घर म्हटलं की चालायचंच. मला वाटलं काय रोगबिग हाय का काय. च्या टाकायला सांगा!"

आत रंभाबाईंनी पदराखालून आपलं मनगट काढून दाखवलं. ते चिमट्यासारखं वाकडं होतं.

"माझाबी मोडला, दोन सालामागं. भाकरी थापताना," त्या कुजबुजल्या. "भाकरीनं हात मोडला म्हनून कुनाला सांगनार? मग आमच्या ह्यांनी गावात सांगितलं, मी मारलं म्हनून. कदी बोट लावलं न्हाय हो. पर तवापास्नं गाव लई वचकून हाय त्यास्नी."

मथुराबाईनं त्यांच्या कानाला लागून डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. रंभाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे भरले.

"म्हंजे माझाबी त्यानंच गेला?"

"व्हय की. विहीणबाई, तुमी सांगा ना पाव्हण्यास्नी."

"मी? ह्यो इषय? तुमीच सांगा तुमच्या ह्यास्नी, ते सांगत्याल."

शेवटी दोघींनी मिळून चांगल्या दोन हातांनी चहा टाकला.

लग्न वाचलं, पण मानसिंगचं नाव गेलं. तिप्पण्णा कासाराला तर परमानंद झाला. 'माझ्या हातनं न्हाय, नवऱ्यानं आदीच मोडला हुता' असं तो प्रत्येक दारात बांगड्या भरता भरता सांगू लागला. गिरणीत लोक मानसिंगला बिचकून वाट देऊ लागले. नळावर बाया त्याच्याकडं बघून थुंकू लागल्या. मथुराबाईचा भाऊ महिपती केम गावाहून काठी घेऊन आला. "कुटं हाय त्यो?" म्हणून तो ओरडत होता, आणि मानसिंग फळीवरचे डबे खाली काढून बायकोसाठी नाचणीचं पीठ शोधत होता. मथुराबाईनं एका हातानं भावाची काठी धरून ठेवली. खरं काय ते तिला भावालाही सांगता येईना.

मैनानं एकदा विचारलं, "आई, अण्णांनी खरंच मारलं?"

"न्हाय गं."

"मग हात कसा मोडला?"

मथुराबाईनं पोरीच्या हळदीच्या तोंडाकडं बघितलं. कुमारी पोरीला हे काय सांगायचं? "फुडं कदीतरी सांगीन," ती म्हणाली. मैना खाली मान घालून गेली.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी चाळीच्या चौकात मांडव भरून माणसं होती. बजाबाईनं मैनाची ओटी भरली आणि ती साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरी, आईकडं बग. हात मोडून घेतला, पर तोंडातनं सबुद काडला न्हाय. सासरी आसंच सोसायचं. मारलं तरी आपल्याच मानसानं मारलं म्हनायचं."

मैनानं मान डोलावली.

ती मान डोलावलेली बघितली आणि मथुराबाईच्या अंगाची लाही लाही झाली. गेली लाज खड्ड्यात! ती भर मांडवात ओरडली, "ह्यांनी मारलं न्हाय मला! कदीच न्हाय! माझी पाळी गेली म्हनून हाडं पोकळ झाली! डागदरनं सांगितलंय! तसं हुतं बायांचं, समद्यांचंच हुतं!"

बँडवाल्याचा सूर तुटला. पुरुषांच्या माना खाली गेल्या. मानसिंग मांडवाचं कापड बघायला लागला. मथुराबाईनं आशेनं विहिणीकडं बघितलं, पण रंभाबाईंनी पदर मनगटापर्यंत ओढून घेतला होता.

मग बजाबाईनं हुंदका दिला. "बगा गं, बगा! नवऱ्याची अब्रू झाकायला बाईनं सवताची लाज सोडली! अशी सती आता बघाया मिळायची न्हाय!"

साऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. हिंदुराव मानसिंगच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "नशीबवान हायसा गड्या तुमी."

मथुराबाई तोंड उघडं टाकून उभी राहिली. मैना धावत आली, तिच्या गळ्यात पडली आणि रडत रडत कानात म्हणाली, "आई, मी चालले गं आता. आता तरी मला खरं सांग की."