रामटेके सरांची गणपूर्ती

लिखित संविधानाशिवाय कोणताही समाज टिकू शकत नाही, असं रामटेके सरांचं ठाम मत आहे. ज्या न्यूझीलंडमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्या देशाला एका पुस्तकात बांधलेलं संविधान नाही. काही कायदे, माओरींशी झालेला एक तह आणि बरेचसे अलिखित संकेत यांवर इथला कारभार चालतो, आणि आमच्या हॅमिल्टनमध्ये कचऱ्याची गाडी दर मंगळवारी न चुकता येते. सर त्या गाडीकडे संशयाने बघतात.

"चालून तर राहिलं," ते म्हणतात, "पण कशाच्या आधारावर?"

सर मूळचे नागपूरचे. आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. कुठेही गेले की आधी माणसं मोजतात. बारसं असो, बार्बेक्यू असो, दारात उभं राहून तर्जनी हलकेच हलवत नजर फिरवतात आणि मग जाहीर करतात, "गणपूर्ती आहे. सुरू करा." आमच्याकडे एकदा दिवाळीच्या फराळाला दोन कुटुंबं उशिरा आली. ती येईपर्यंत सर हातात चकली धरून बसले होते. माझ्या नवऱ्याने आग्रह केला तर म्हणाले, "खातो ना. बैठक तर होऊ द्या."

ही सवय त्यांना नोकरीने लावली असावी. ते हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते. तिथे मॉर्फिनसारख्या कडक औषधांच्या कपाटाला नियम असतो: दोन माणसं हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. एकाने काढायचं, दुसऱ्याने बघायचं, दोघांनी सही करायची. सरांना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो घरी आणला. घराची गणपूर्ती दोन. सर ठराव मांडणार, सुनंदाताई अनुमोदन देणार, मग पंखा विकत घेतला जाणार.

सुनंदाताई म्हणजे सरांची बायको. त्या फार बोलत नसत, पण संसदीय कामकाज त्यांना सरांपेक्षा चांगलं कळत होतं. सरांनी एकदा मासेमारीची जुनी बोट घ्यायचं काढलं. सरांना पोहता येत नाही आणि मासे ते खात नाहीत. त्यांनी टेबलाशी बसून रीतसर प्रस्ताव मांडला. सुनंदाताईंनी विरोध केला नाही. त्या उठल्या, धुतलेल्या कपड्यांची बादली घेतली आणि मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या. गणपूर्ती भंगली. सर टेबलाशी एकटेच बसून राहिले. त्या परत आल्या तोवर बोट दुसऱ्या कोणी घेतली होती. सर ही हकिकत स्वतः सांगत आणि वर म्हणत, "नियमाप्रमाणेच होतं तिचं. बोलायला जागा नव्हती."

आमच्या मराठी मंडळाचं संविधान या दोघांनी केलं. सरांनी सांगितलं, ताईंनी टाइप केलं. त्याला 'घटना' म्हटलेलं सरांना चालत नाही. "घटना रस्त्यावर घडते, चिटणीस बाई. हे संविधान आहे." मी मंडळाची चिटणीस असल्याने सर मला त्याच नावाने हाक मारतात. माझं पहिलं नाव त्यांना माहीत आहे का, याची मला खात्री नाही.

त्या संविधानात मंडळाची उद्दिष्टं आहेत, गणपतीची वर्गणी आहे, आणि कलम अकरा आहे, ज्यानुसार सभासदांनी नाटकांच्या व्हिडिओ कॅसेट रिवाइंड करूनच परत कराव्यात. कॅसेट कधीच गेल्या. कलम राहिलं.

मग सरकारने संस्थांचा कायदा बदलला. सगळ्या संस्थांनी आपलं संविधान नव्या कायद्यात बसवून पुन्हा नोंदणी करायची होती. दोन कलमं दुरुस्त केली असती तर भागलं असतं. पण आमचा अध्यक्ष अमोघ सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्या लोकांना जुनं काही दुरुस्त करवत नाही.

"ताई, हे सगळं लेगसी आहे," तो मला म्हणाला. "पॅच मारून काय होणार? आपण प्रॉपर घटना परिषद घेऊ. सगळे स्टेकहोल्डर बसतील, कोऱ्या कागदापासून सुरू करू."

"कॅसेटचं कलम काढायला परिषद?"

"प्रश्न कॅसेटचा नाही. व्हिजनचा आहे."

परिषद बोलवावी की नाही, यावर सभासदांनी मतदान करायचं ठरलं. सरांनी विरोधात मोहीम उघडली. त्यांनी प्रत्येक सभासदाला फोन केला आणि प्रत्येकाला तेच सांगितलं: "बाटलीवरचं लेबल फाटलं तर आपण लेबल बदलतो. औषध ओतून देत नाही. आणि परिषद एकदा बसली की कुठवर जाईल, ते बोलावणाऱ्याच्या हातात नसतं." मला त्यांचं पटत होतं. अमोघचंही पटत होतं, कारण इथे वाढलेल्या मुलांना त्यातलं एकही मराठी कलम वाचता येत नव्हतं. चिटणिसाने तटस्थ राहायचं असतं, म्हणून मी दोघांकडचा चहा पीत होते.

खरं तर मला वाटलं होतं की सर या वेळी लढणारच नाहीत. सुनंदाताईंना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. टौरंगाहून मुलगी दर रविवारी फोन करून म्हणायची, बाबा, आता इकडेच या. सर म्हणायचे, विचार चालू आहे. पण संविधानाचा विषय निघाला आणि त्यांच्या गळ्यात पुन्हा बैठकीचा टाय आला. ताईंनी टाइप केलेलं ते एवढंच मागे उरलं होतं, हे कोणी बोललं नाही. सरांनी तर मुळीच नाही.

मतदानाची सभा शनिवारी दुपारी हॉलमध्ये होती. ऊन छान पडलं होतं, म्हणजे निम्मं मंडळ रॅग्लनच्या समुद्रावर होतं. गणपूर्तीला पंचवीस माणसं लागत होती. मी मोजली. चोवीस. पुन्हा मोजली. सर आले नव्हते.

गोखले हे रामटेके सरांच्या बाजूचे सभासद. ते मला कोपऱ्यात घेऊन गेले. चेहऱ्यावर समाधान होतं.

"मीच सांगितलं त्यांना, येऊ नका म्हणून. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा बरखास्त, आणि तो विषय वर्षभर आणता येत नाही. कलम त्यांचंच आहे."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. फोन ठेवला."

अमोघने चार जणांना फोन लावले. तिघे पाण्यात होते. चौथा अस्सल न्यूझीलंडी थाटात म्हणाला, "यीह, नाह, सॉरी मेट." तो पुण्याचा आहे. घड्याळाचा काटा खाली सरकत होता. बायका आणलेली सामोशांची ताटं पुन्हा झाकू लागल्या.

तेवढ्यात दार उघडलं. सर आत आले. त्यांच्या पायात बागेतले जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला होत्या, पँटच्या कडांना माती लागली होती, आणि टाय खिशातून लोंबत होता. त्यांनी दारातच थांबून तर्जनी हलवली. शेवटी ती स्वतःच्या छातीवर टेकवली.

"पंचवीस," सर म्हणाले. "सुरू करा."

गोखल्यांनी डोळे मिटून घेतले.

सर विरोधात बोलले, चांगलं बोलले. लेबल आणि औषध पुन्हा आलं. मग हात वर झाले, मी मोजले, आणि परिषद तीन मतांनी मंजूर झाली. सरांनी उठून अमोघशी हात मिळवला, एक सामोसा कागदात बांधून घेतला आणि निघाले. मी त्यांना गाडीतून घरी सोडलं.

"सर, का आलात?" मी वाटेत विचारलं. "नुसतं घरी बसला असता तर जिंकला असता."

सरांनी सामोशाचा कागद मांडीवर नीट केला. सिग्नल हिरवा झाला.

"एकाने कमी पडलं की कसं होते ते मला माहीत आहे, बाई," ते म्हणाले. "सुनंदा उठून जायची. पण कपडे वाळत घालून परत यायची."

मी गाडी नीट चालवण्याकडे लक्ष दिलं.

चहाला थांबा म्हणाले म्हणून मी आत गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत सोफा भिंतीला लागून नसतो, मधोमध तिरका असतो. स्वयंपाकघरात जायला त्याला वळसा घालावा लागतो. ताई गेल्यापासून तो तसाच होता आणि आम्ही सगळ्यांनी तो सरांच्या विक्षिप्तपणात धरला होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं.

"तो विषय प्रलंबित आहे," चहासाठी विजेच्या जगमध्ये पाणी भरत सर म्हणाले. "कार्पेट धुवायला ओढला होता. तिला खिडकीपाशी हवा होता, मी म्हणत होतो टीव्हीसमोर. रविवारी बसून ठरवू म्हटलं. शुक्रवारी तिला ॲडमिट केलं."

"आणि मग?"

"मग काय. गणपूर्ती दोन आहे."

जग खदखदून बंद झाला. सरांनी दोन कप काढले, कपांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घरच्या नियमात कुठे असं लिहिलं नाही," ते सावकाश म्हणाले, "की दुसरं माणूस घरचंच पाहिजे."

"लिहिलेलं नाही, पण चालतं. या देशात असंच असतं, सर."

हे त्यांना पटायला अर्धा कप चहा लागला. मग त्यांनी खिशातला टाय काढून गळ्यात बांधला आणि प्रस्ताव मांडला: सोफा खिडकीपाशी न्यावा. मी विचारलं, तुमचा मुद्दा टीव्हीसमोरचा होता ना? ते म्हणाले, "होता. मागे घेतला." मी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला आणि आम्ही दोघांनी मिळून तो सोफा ढकलला.

घटना परिषद पुढे सहा महिने बसली, बहुतेक वेळा सरांच्याच घरी, आणि सर प्रत्येक वेळी दारात माणसं मोजत. परिषदेने दोन कलमं दुरुस्त केली आणि कॅसेटचं काढलं.

सोफा अजून खिडकीपाशी आहे. त्यामुळे मागच्या अंगणात उघडणारं सरकतं दार वीतभरच सरकतं, आणि सर कपडे वाळत घालायला बादली घेऊन पुढच्या दाराने घराला वळसा घालून जातात.