आठ पायांचे वकील

वाचकहो, आधी बसून घ्या, कारण निवेदन गंभीर आहे. लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, माणसांपेक्षा कोळी जास्त राहतात. ही अफवा नव्हे. दर रविवारी सकाळी तोडणकरकाका हातात बॅटरी घेऊन गॅलरीभर फिरतात आणि त्यांची शिरगणती करतात.

तोडणकरकाका माझे शेजारी. वय अडुसष्ट, अंगाने काडी, हातपाय गरजेपेक्षा लांब. नळावर वाकून तोंड धुताना मागून पाहिलं की काकांनी कोळ्यांची बाजू का घेतली ते लगेच पटतं. परळच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म काचेच्या पट्ट्या धुतल्या. तिथल्या विद्वानांकडून त्यांनी एकच वाक्य उचललं: "आधी पाय मोजा!"

"काका, तुमचा तो किडा आमच्या मोरीत आलाय," असं कुणी म्हटलं की झालं.

"किडा? आधी पाय मोजा! सहा असले तर किडा. आठ असले तर आपला."

आता ज्याच्या डोक्यावर टॉवेल आहे आणि समोर तळहाताएवढा कोळी आहे, तो पाय मोजत बसेल का? पण काकांचं उत्तर तयार असतं. "झुरळं खातो तो. फुकट. तुम्ही त्याचे आभार मानायचे सोडून किंकाळ्या मारता."

एकदा खालच्या मजल्यावर वाढदिवस होता. पोरगा सिनेमातल्या कोळीवीराचा पोशाख घालून मनगटातून फुसफुस दोरी सोडत होता. काका केकची डिश खाली ठेवून म्हणाले, "बाळा, खरा कोळी मनगटातून धागा सोडत नाही. ढुंगणातून सोडतो. सिनेमावाले लाजले." पोराने लगेच पवित्रा बदलला. त्याच्या आईने नंतर महिनाभर काकांना चहा विचारला नाही.

गणपतीच्या आधी चाळीत जळमटं काढायची मोहीम निघते, तेव्हा काकांची धावपळ बघण्यासारखी असते. मागून लांब काठीचा झाडू, आणि झाडूच्या पुढे पुढे काका, एका हातात काचेचा ग्लास, दुसऱ्या हातात जुनी लग्नपत्रिका. कोळ्यावर ग्लास पालथा घालायचा, खालून पत्रिका सरकवायची, आणि पाहुण्याला सन्मानाने मागच्या जिन्याखाली नेऊन सोडायचं.

यंदाच्या श्रावणात मात्र प्रकरण पेटलं. आमच्या पलीकडच्या मेस्त्रीवहिनींच्या कमरेवर, एकाच बाजूला, पुरळाचा पट्टा उठला. आग अशी की वहिनींना साडीचा काठही सोसेना. चाळीने तपासणी न करता निकाल दिला: अंगावरून कोळी फिरला!

वहिनी मालवणच्या. गॅलरीत येऊन त्यांनी तोफ डागली. "भावजी, तुमचोच कोळी तो! गणपती तोंडार इलो, नि माका वाकूक येना नाय. रविवारच्या आत सगळी जाळी काढा, नायतर मी काढतंय!"

सगळे मान हलवू लागले. मला वाटलं, आता काका पाय मोजायला सांगणार. पण ते म्हणाले, "वहिनी, आधी डॉक्टरकडे चला. त्यांनी कोळ्याचं नाव घेतलं, तर झाडू मी स्वतः मारतो. एकही ठेवत नाही."

साक्षीदार म्हणून मला बरोबर नेलं. डॉक्टरांनी पट्टा पाहिला आणि विचारलं, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"झाल्ले."

"तोच विषाणू अंगात झोपून होता, आता उठलाय. याला लोक नागीण म्हणतात. कोळ्याचा काही संबंध नाही. वेळेवर आलात, गोळ्या घ्या."

काकांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. बाहेर आल्यावर म्हणाले, "कोळी सुटला. आता बालंट नागिणीवर. त्या बिचारीचा वकील कोण?" वहिनी हसल्या नाहीत. घरापर्यंत रस्त्याकडे बघत चालत राहिल्या.

संध्याकाळी काका एका कोळ्याला जिन्याखाली सोडून, ग्लास आणि पत्रिका घेऊन परतले, तेव्हा मी त्यांना छेडलं. "एवढा जीव का टाकता हो या कोळ्यांवर?"

त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर टेकून समोरच्या टॉवरकडे बोट दाखवलं. जुन्या गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला तो टॉवर, त्याच्या बाविसाव्या मजल्यावर त्यांची लेक वैशाली राहते.

"ती कोळ्याला फार घाबरायची. मोरीतून ओरडायची, 'बाबा, धावा!' जेवणावरून उठून धावायचो. कॉलेजात गेली तरी ओरडायची. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ओरडली." काका हसले. "परवा फोनवर विचारलं, कोळीबिळी दिसतो का गं? म्हणाली, छे हो बाबा, इथे दर महिन्याला फवारणी होते. एकही नाही." हातातली पत्रिका त्यांनी उलटी केली. तेव्हा मी पहिल्यांदा वरचं नाव वाचलं. वैशालीच्याच लग्नातली उरलेली पत्रिका होती ती.

"चांगलंच आहे म्हणा," काका म्हणाले आणि ग्लास पुसत आत गेले.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी मेस्त्रीवहिनींकडे मखराला माळा लावत स्टुलावर उभा होतो. अचानक मखरामागून तो निघाला. तळहाताएवढा, भिंतीला चपटा चिकटलेला. वहिनींनी दारातली चप्पल उचलली. या हाताखाली आजवर किती गेले त्याची काकांकडेही नोंद नाही. चप्पल वर गेली. मी डोळे मिटले.

फटका वाजलाच नाही. डोळे उघडले, तर चप्पल हवेतच होती आणि वहिनींचे ओठ हळूहळू हलत होते. मग त्या गॅलरीत धावल्या आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "भावजी, धावा! मोजलंय मी, आठच आसत!"