दीड तास बचाव

मुलगी डॉक्टरांना दात दाखवायला निघाली तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर राक्षस उभा होता. निघता निघता तिने वडिलांना बजावलं, "टीव्ही बंद करू नका, बाबा. लढाईच्या मध्ये गेम सेव्ह होत नाही. तीन आठवड्यांची मेहनत आहे. फक्त लक्ष ठेवा."

"आणि गॅसवरच्या दुधाकडेही," चपला घालत तिची आई म्हणाली. दोघी गेल्या.

वडील विमा कंपनीत होते. काही होण्याआधीच संरक्षण घ्या, हे लोकांच्या गळी उतरवण्यात त्यांची तेवीस वर्षं गेली होती. राक्षस छाती वरखाली करत रोखून पाहत होता. त्याच्यासमोर मुलीची चार माणसं, आणि खाली यादी: हल्ला, बचाव, जादू. दहा मिनिटं त्यांनी कळ काढली. पण एवढा दांडगा प्राणी नुसता उभा राहील, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी 'बचाव' दाबलं. ढाल घेतली, पुढच्या माराचं नुकसान निम्मं, असं पडद्यावर उमटलं आणि लगोलग राक्षसाने फटका हाणला.

बघा, वाटलंच होतं, ते स्वतःशी म्हणाले.

मग त्यांनी चौघांनाही ढाली घ्यायला लावल्या. राक्षसाने जाळ फेकला. शोधाशोध करताना त्यांना 'आरशाचं कवच' सापडलं. अंगावर आलेली जादू समोरच्याकडे परत! अशी पॉलिसी आपल्या कंपनीला कशी सुचली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. चौघांनाही कवच चढवून त्यांनी पांढऱ्या झग्यातल्या वैद्यीणबाईंना जखमींवर मंत्र टाकायला लावला. मंत्र कवचावर आपटला आणि सरळ राक्षसाच्या अंगावर गेला. राक्षस टवटवीत झाला.

बाई फितूर आहेत की काय, हे त्यांना कळेना. खात्री करण्यासाठी त्यांनी मंत्र आणखी सात वेळा टाकून पाहिला. राक्षसाच्या शेपटीवरची जुनी जखमसुद्धा भरून आली. मध्येच जळका वास आला, तो त्यांनी राक्षसाचाच धरला.

मुलगी परतली तेव्हा तिघे आडवे होते आणि वैद्यीणबाई एका गुडघ्यावर.

"तुम्ही बटण का दाबलंत?"

"तो मारत होता."

"आपण काही केल्याशिवाय तो मारत नाही, बाबा. आपली टर्न होईपर्यंत थांबतो. वर्षभर थांबला असता."

"मग छाती कशाला वरखाली करत होता?"

"श्वास घेतो तो."

मुलगी त्यांच्याकडे पाठ करून पडद्यासमोर बसली. ती पाठ वडिलांना जाळापेक्षा जास्त लागली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको आली. हातात कोळसा झालेलं पातेलं होतं.

"अहो, हे काय?"

वडील उत्तर देणार होते, पण ताजा धडा आठवला. आपण काही केलं नाही, तर समोरचा वर्षभर थांबतो. ते भिंतीला टेकून गप्प उभे राहिले, फक्त छाती वरखाली करत.

"मी तुमच्याशी बोलतेय."

वडिलांनी श्वास घेतला.

मुलीने पडद्यावरची नजर हलवली नाही. "आई, बाबांनी बचाव घेतलाय. निम्मंच लागणार," ती म्हणाली. "तू सगळं दोनदा बोल."