पत्ता वाचावा, पत्र वाचू नये

पागेकाका माणसाला नावानं हाक मारत नाहीत, पत्त्यानं मारतात. माधव नगरात राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी मी अजून 'सत्ताईस बटा तीन' आहे. समोरचे डॉक्टर 'अट्ठाईस', इस्त्रीवाला 'चौक, नीम के नीचे'. एकदा फ्रीगंजच्या भर बाजारात त्यांनी मला अशी हाक मारली आणि मी चक्क वळून 'ओ' दिली. बायको म्हणाली, आता तुमचं काही खरं नाही.

छत्तीस वर्षं टपाल खात्यात पत्त्यांप्रमाणे पत्रं लावण्यात गेल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? बोलणं सुरू 'ऐसा है'नं आणि शेवट ठरलेला: 'पत्ता वाचावा, पत्र वाचू नये.' हजारो उघडी पोस्टकार्डं हाताखालून गेली, पण आपण एकही वाचलं नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात.

घरात एकटेच. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा बंडू बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. तो येऊन पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि काका त्याला राम घाटावर चार लोकांसमोर नको ते बोलले. तेव्हापासून मुलाचा फोन नाही, काकांचाही नाही. हा विषय गल्लीत कोणी काढत नाही.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो आईमुळे. आई रोज सकाळी कॉम्प्युटरवर पंचांग आणि विष्णुसहस्रनाम वाचते. पण एकादशीच्या शेजारी बनियनची जाहिरात, आणि सहस्रनामाच्या मधोमध एक बाई पोट कमी करून दाखवत उभी. मी हैराण झालो होतो. काकांना कळलं तसे ते चष्मा पुसत हजर झाले.

"ऐसा है," ते म्हणाले, "तुमच्या मशीनला नाव माहीत असतं, घर नंबर नाही. पान उघडलं की ती विचारते, अमुक कुठे राहतात? जाहिरातवाल्यांचंही असंच विचारते. आपण कळवायचं, इस नाम का यहाँ कोई नहीं रहता. पत्र वापस."

इतक्या वर्षांत बँकेनं आणि कंपन्यांनी मला जे समजावलं नव्हतं ते या माणसानं एका वाक्यात समजावलं. पुढे म्हणाले, आत्तापर्यंत ही विचारपूस पोस्टकार्डावर चालली होती, वाटेत कोणीही वाचावी. आता ती बंद लिफाफ्यातून जाईल. इंटरनेटवरच्या एका सेवेत त्यांनी खातं उघडलं होतं. गल्लीतल्या सात घरांची विचारपूस तिथून जायची. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन दोन ओळी भरल्या, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. व्हिडिओच्या पोटातली जाहिरात याने जाणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. शेवटी कोण काय बघतं याच्या नोंदी ठेवण्याचं बटण बंद करायला माझंच बोट लावलं, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पान स्वच्छ. आईनं विचारलं, "ती बाई गेली कुठे? बरी आहे ना?"

मी थक्क होऊन सगळ्यांना सांगत सुटलो. पण इंदूरचा मेहुणा आला आणि माशी शिंकली. म्हणे, लिफाफा उघडतो तो त्या म्हाताऱ्याच्याच खात्यात. बटण पुन्हा चालू करायला त्याला कितीसा वेळ? तुम्ही काय काय बघता त्याची यादीच असेल म्हाताऱ्याकडे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घ्यावी म्हणून मी महिनाभर चोरून पेन्शनच्या हिशोबाची पानं बघत होतो. बायकोला पत्ता नव्हता. काका पंगतीत बोलणारे गृहस्थ.

रविवारी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. कॉम्प्युटर चालूच होता. काय विचारायला आलो ते मी अडखळत सांगितलं. काका रागावले नाहीत. खुर्ची सरकवून म्हणाले, "देख लो."

पडद्यावर आम्ही सगळे होतो. २७/३, २८, ३१/१. प्रत्येकापुढे नोंद बंद. मला स्वतःची लाज वाटली. मग शेवटची ओळ दिसली. तिथे घर नंबर नव्हता, नाव होतं: बंडू. त्याच्यापुढे आज किती वेळा विचारपूस झाली त्याचा आकडा, आणि काकांची नजर त्याच्यावरच.

"हा चालू आहे?" मी विचारलं.

"काय बघतो ते नाही दिसत. ते बंदच आहे. पत्र सोडा, मी पत्तासुद्धा वाचत नाही त्याचा. फक्त शिक्का बघतो, कितीला पडला तो." आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "रात्री एखाद-दुसरी विचारपूस येते, ती फोन आपली आपण करतो. सकाळी आकडा एकदम उडी मारतो. रोज सातला. आज रविवार आहे, म्हणून उशीर."

मी विचारलं, हे त्याच्या फोनमध्ये बसवलं कधी?

"तुमची काकू आजारी होती, तेव्हा दिवाळीला आला होता. मीच बसवलं. दोन मिनिटांत काढता येतं. आणि तो तर कॉम्प्युटरवालाच आहे, त्याला माहीत नाही थोडंच." काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अजून काढलेलं नाही त्यानं."

एवढ्या मोठ्या इंटरनेटमधून या माणसानं स्वतःसाठी फक्त एवढंच ठेवलं होतं. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो. साडेआठच्या सुमाराला तो हलला, मग एकदम भराभर वाढला.

"उठला," पागेकाका म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सकाळचा पहिला चहा ठेवला.