खटला मागे घेऊ नका

सरकारी वकीलबाईंनी मारोतरावांवरचा मारामारीचा खटला मागे घ्यायचा अर्ज केला, हे कळताच ताराबाईंनी पेढे सांगितले आणि त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे खुद्द मारोतरावांची, भूक मेली.

सात वर्षांपूर्वी जैनथजवळच्या त्यांच्या गावात, पोळ्याच्या तोरणाखाली पहिली बैलजोडी कोणाची यावरून मारोतराव आणि भगवानरावांची हुज्जत झाली होती. तीत भगवानराव आडवे झाले, डोक्याला टेंगूळ आलं आणि मारोतरावांनी काठीनं हाणलं अशी त्यांनी फिर्याद दिली. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. भगवानराव शेणावरून घसरले होते. पण भर गावात घसरून पडण्यापेक्षा मार खाऊन पडलेलं बरं. आणि मारोतरावांना तर घरचं मांजरही भीत नसे. त्यांनी तो आरोप कोर्टात नाकारला, गावात मात्र एकदाही नाही. तेव्हापासून पोळ्याला त्यांचीच जोडी बिनबोभाट पहिली निघे.

आता खटला गेला की हा मानही जाणार. मारोतराव तसेच उठून भगवानरावांकडे गेले.

"पुरावा नाई म्हनून कागदावर आलं, तं गावात मले कोन इचारन?"

"तुले इचारनार नाई, मले हासतीन," भगवानराव म्हणाले. "सात साल खोटा मार घेऊन फिरला म्हनतीन. आपन दोघं बी हरकत घेऊ."

ठरल्याप्रमाणे तारखेला दोघं एकाच ऑटोतून आदिलाबादला निघाले. पेढ्यांचा पुडा घेऊन ताराबाईही बसल्या. त्यांना नको म्हणायची हिंमत दोघांतही नव्हती.

जजसाहेबांनी फिर्यादीला हरकत आहे का विचारलं. भगवानराव आहे म्हणाले. तेवढ्यात आरोपीनंही हात वर केला.

"माही बी हाय, सायेब. म्याच मारलं त्याले."

मारोतरावांच्या वकिलानं कपाळाला हात लावला. जजसाहेबांनी चष्मा काढून, मारलं कुठे असं विचारलं. मारोतराव पाठीत म्हणाले, भगवानराव डोक्यात म्हणाले. किती काठ्या, तर आरोपीनं दोन सांगितल्या आणि फिर्यादीनं पाच. मारोतरावांनी मोठ्या मनानं पाच कबूल केल्या. जजसाहेबांनी कसंबसं हसू दाबलं आणि सरकारचा अर्ज मंजूर केला.

मागच्या बाकावर ताराबाईंनी सगळं ऐकलं होतं. परतीच्या वाटेत त्या पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसल्या. आता या गावात काय सांगतात, याची दोघांना धास्ती होती. ऑटो पारापाशी थांबला तशी माणसं गोळा झाली आणि काय झालं विचारू लागली. ताराबाई सावकाश उतरल्या, सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला.

"काय होते? जजसायेबानं दोघायले दम देल्ला, पुन्हा डोकी फोडू नका म्हने."

मारोतरावांचा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर ताराबाईंनी दार लावून घेतलं.

"औंदा पोयाले कासरा माह्या हाती. तुमी मांगून चाला."

त्या गावात बाईनं बैल तोरणाखाली नेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. यंदा सगळ्यांनी पाहिलं. जोडी पहिलीच निघाली. पुढे कासरा धरून ताराबाई, मागे मान खाली घालून मारोतराव. कोणी चूं केलं नाही. पाच काठ्यांत भगवानरावांना लोळवणारा माणूस जिच्या मागे असा चालतो, त्या बाईच्या वाटेला कोण जाणार?